नवऱ्याकडच्या नऊ जणांचे सूट भाड्याने घ्यायचेत? आधी खांदा बघा, रंग नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे : दादाचं लग्न फेब्रुवारीत ठाण्याला, सकाळी मुहूर्त आणि संध्याकाळी त्याच हॉलवर रिसेप्शन. नवरदेव धरून नऊ जण, म्हणजे चार सख्खे-चुलत भाऊ, दोन मित्र, भाऊजी आणि दहावीतला भाचा, सगळ्यांना एकसारखे नेव्ही ब्लू सूट भाड्याने पाहिजेत. भावांपैकी एक जण अमेरिकेहून लग्नाच्या दोन दिवस आधी उतरणार. बजेट तीस हजार. जमेल का आणि कुठून सुरुवात करायची.

जमेल. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात रंग आहे, बजेट आहे, तारीख आहे, फक्त माप कुठेच नाही, आणि भाड्याच्या सुटात सगळा खेळ मापाचाच असतो. माझं दुकान वसईला आहे, वडिलांचं टेलरिंग होतं, भाड्याच्या सुटांचं मी वाढवलं, त्यामुळे चर्चमधली लग्नं आणि हॉलमधली लग्नं दोन्हीकडची पोरं आमच्याकडे येतात. आणि दोन्हीकडची पोरं दुकानात शिरल्या शिरल्या एकच करतात, मोबाईल काढून फोटो दाखवतात की असा कलर आहे का. कलर मिळतो हो. नऊ जणांना नऊ खांदे मिळत नाहीत.

खांदा का म्हणतोय ते सांगतो. कोटाची बाही इंचभर कमी करता येते, बाजूच्या शिलाईतून दीड-दोन इंच आत घेता येतो, पँटची उंची तर काहीच नाही, कंबरेला मागून इंच-दीड इंच सोडता येते. पण खांदा म्हणजे तीरा, तो एकदा कापला की कापला. तो बदलायचा म्हणजे बाही उसवायची, पॅड काढायचं, मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर, पुन्हा कापायचा, हे काम नवीन कोट शिवण्यापेक्षा किचकट आणि भाड्याच्या कोटाला ते कोणी करणारच नाही, कारण पुढच्या रविवारी तो कोट दुसऱ्याच्या अंगावर जायचाय. आम्ही भाड्याच्या मालाला कात्री लावतच नाही, सगळं कच्च्या टाक्याने आत घेतो आणि परत आला की उसवतो. म्हणून खांद्याला बसला तोच कोट तुमचा, मग बाकी सगळं टेलर बघून घेईल.

तपासायचं कसं, तर भिंतीजवळ बाजूने उभं राहायचं आणि हळूहळू भिंतीकडे झुकायचं. आधी दंड टेकला तर खांदा बरोबर, आधी कोटाचं पॅड टेकून चेपलं तर कोट मोठा. मग मागून कोणालातरी बघायला सांगा, शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यात फट पडते का. पडत असेल तर तो कोट त्या पाठीचा नाही, साइज कितीही बरोबर असू दे. मग वरचं एकच बटण लावा (खालचं कधीच लावायचं नाही, हे नऊच्या नऊ जणांना सांगून ठेवा) आणि बघा बटणापासून दोन्हीकडे फुलीसारख्या चुण्या पडतात का. पडल्या तर पोटाला टाइट. आणि शेवटचं म्हणजे दोन्ही हात वर करा, वरातीत करतात तसे. भाड्याच्या कोटांचे मुंढे मुद्दाम जरा मोकळे ठेवलेले असतात कारण ते दहा जणांना बसायला पाहिजेत, आणि मुंढा जेवढा मोकळा तेवढा हात वर केल्यावर पूर्ण कोटच वर चढतो आणि कानाला लागतो. थोडा चढणारच, पण कॉलर कानापर्यंत येत असेल तर फोटोग्राफर त्याच क्षणाचा फोटो काढणार हे गृहीत धरा.

साइजचं एक लक्षात ठेवा, तयार सुटात कोट आणि पँटमध्ये साधारण सहा इंचांचा फरक धरलेला असतो. म्हणजे ३८ चा कोट तर ३२ ची पँट, ४० चा तर ३४. हे बावीस-पंचवीसच्या पोरांना चालतं. आपल्याकडचे भाऊजी छाती ४० आणि कंबर ३८ असतात, तिथे हा हिशोब कोसळतो. अशा वेळी दुकानदाराला स्पष्ट विचारा की कोट एका सेटचा आणि पँट दुसऱ्या सेटची देणार का. एकाच लॉटमधला, म्हणजे एकाच ताग्यातून शिवलेला माल असेल तर देता येतं, आम्ही देतो. लॉट वेगळा असेल तर देऊ नये.

हा लॉटचा मुद्दा तुमच्यासारख्या ग्रुपला सगळ्यात जास्त नडतो. नेव्ही ब्लू असं काही एक नसतं. एका ताग्यातला नेव्ही थोडा जांभळट, दुसऱ्यातला काळपट, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात. सहा कोट घेतले आणि संध्याकाळी स्टेजवर एलईडीच्या झगझगाटात उभे राहिले की त्यातले दोन वेगळे उठून दिसतात. म्हणून सगळे कोट एकत्र घ्यायचे, एकाच दुकानातून, आणि बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन एकमेकांच्या शेजारी धरून बघायचे. दुकानदार कुरकुर करत असेल तर करू दे. चार कोट इथून आणि दोन नालासोपाऱ्याहून असं कधी करू नका, त्यापेक्षा दोघांना मुद्दाम वेगळ्या रंगाचे घाला, ते ठरवून केल्यासारखं तरी दिसतं.

आता कोट जवळून कसा बघायचा ते, कारण भाड्याचा कोट म्हणजे आधी बऱ्याच जणांनी घातलेला, त्यात लाज वाटायचं काही नाही, पण कितव्या वर्षाचा आहे ते कळायला पाहिजे. कोट घेऊन दुकानाच्या दाराशी या आणि कॉलरचा पुढचा पट्टा, छातीवर येतो तो, उजेडात तिरका धरा. समोरून नाही, तिरका. कापडावर बारीक बारीक फुगे दिसले, पापडाला येतात तसे, तर तो कोट संपला. होतं काय, स्वस्त आणि मधल्या किमतीच्या कोटात कापडाच्या आत फ्युजिंग, म्हणजे ताठपणासाठीचं आतलं कापड, चिकटवलेलं असतं, गोंद लावून गरम दाबून. प्रत्येक ड्रायक्लीनला आणि प्रत्येक कडक इस्त्रीला तो गोंद थोडा थोडा सुटतो, मग कापड वेगळं आणि फ्युजिंग वेगळं आणि मध्ये हवा. हे कुठल्याही इस्त्रीने बसत नाही. बसवून दिलं तरी हॉलमध्ये घामाने परत वर येतं. फोटोत तर चांगलंच दिसतं.

मग पँटची बैठक आणि कोटाचे कोपर बघा, तिथे चकाकी आली असेल तर टेरीरेयॉनवर (पॉलिएस्टर मिसळलेलं सुटाचं कापड) गरम इस्त्री थेट फिरलीय. काखेतलं अस्तर उलटं करून बघा, फाटलंय का, पिवळं पडलंय का. आणि वास घ्या. खरंच नाक लावून घ्या. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून पेट्रोलवॉशच असतो, त्याचा वास एक रात्र वाऱ्यावर टांगलं की जातो, पण त्याच्या खाली घामाचा जुना वास असेल तर तो अंगाची ऊब लागली की बाहेर येतो, आणि ते कळतं तेव्हा तुम्ही स्टेजवर असता.

एक गोष्ट कोणीच बघत नाही ती म्हणजे आतला खिसा. चर्चच्या लग्नात अंगठ्या बहुतेक वेळा बेस्टमनच्या आतल्या खिशात असतात, आणि भाड्याच्या कोटाचे आतले खिसे मोबाईल कोंबून कोंबून तळाला उसवलेले असतात. अंगठी सरळ अस्तरात उतरते आणि पाठीमागे कुठेतरी जाऊन बसते, फादर समोर उभे आणि हा खिसा चाचपतोय. तुमच्याकडे अंगठी नसेल पण मंगळसूत्राची डबी, गुरुजींच्या दक्षिणेचं पाकीट, हॉलवाल्याचे उरलेले पैसे, हे सगळं कोणातरी भावाच्याच खिशात असणार. बोटं घालून चारही खिसे तळापर्यंत तपासा, उसवलेला असेल तर दुकानातच दोन टाके मारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता नऊ जण एकसारखे ह्याबद्दल माझं मत विचारलं नाहीये पण देतो. नको. एकतर नवरदेव ओळखू येत नाही, हे मी चेष्टेत म्हणत नाही, मुलीकडच्या लांबच्या मावश्यांना खरंच कळत नाही हार-बुके कोणाच्या हातात द्यायचं. दुसरं म्हणजे एकच कट सगळ्यांना शोभत नाही, स्लिम फिट कोट सडपातळ मित्राला छान दिसतो आणि भाऊजींना तोच कोट घातला की ते दिवसभर पोट आत ओढून फिरतात. सारखेपणा एका गोष्टीत ठेवा, टायमध्ये किंवा फेट्यात, बाकी सैल सोडा. वसईच्या लग्नांत करवल्यांच्या गाऊनचा जो रंग त्याच रंगाचे टाय पोरांना असतात, आणि शहाणी मंडळी गाऊनच्या कापडाची चिंधी घेऊन दुकानात येतात, फोटो घेऊन नाही, कारण फोटोतला वाइन आणि खरा वाइन यात जमीन-अस्मानाचा फरक. तुम्ही पण वहिनींच्या रिसेप्शनच्या साडीचा किंवा घागऱ्याचा रंग ठरला की ब्लाऊजपीसचा तुकडा मागून घ्या.

टाय भाड्याने घेऊच नका, विकत घ्या. गाठीच्या जागी तेलकट झालेला टाय लगेच दिसतो. आणि एक जास्तीचा घ्या, कोणाचातरी आमटीत बुडतोच.

पुढचा मुद्दा पैसे वाचवणारा आहे. सूट फक्त संध्याकाळसाठी घ्या. सकाळी नवरदेव विधीला सोवळं-उपरणं किंवा शिवलेलं धोतर घालणार, डोक्याला मुंडावळ्या, आणि भावांनी त्याच्या शेजारी कोट-टाय घालून उभं राहण्यात काही मजा नाही. सकाळी सगळ्यांनी आपापले कुर्ते, वर फेटा. फेटेवाला हॉलवर येऊन बांधून देतो आणि कार्य झालं की फेटे गोळा करून नेतो, त्याच्याशी आधीच बोला की बांधायला किती वाजता येणार, कारण नऊ फेटे बांधायला वेळ लागतो आणि मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. बांधणीचा किंवा गडद रंगाचा फेटा असेल तर एकदा ओला रुमाल घासून बघा, रंग सुटत असेल तर घामाबरोबर तो कपाळावरून थेट कॉलरवर येतो.

सकाळी भाड्याचे कपडे नकोत ह्याला अजून एक कारण म्हणजे डाग. लग्नाचा अर्धा दिवस म्हणजे कपड्यांवर रंग सांडण्याचाच कार्यक्रम असतो. हळद तर आहेच, पण लोकांना हळदीची भीती असते आणि अक्षतांची नसते. कुंकवाच्या लाल अक्षता घामेजल्या मानेवर पडतात, कॉलरच्या आत जातात, तिथेच चिरडतात, आणि क्रीम रंगाच्या शेरवानीला आतून गुलाबी ठिपके पडतात. ओल्या हाराचं पाणी खांद्यावर उतरतं, गुलाब आणि हिरव्या पानांचे डाग त्यातूनच येतात. होमाची ठिणगी टेरीरेयॉनवर पडली की कापड जळत नाही, वितळतं, आणि सुईच्या टोकाएवढं कडक भोक पडतं, त्याला रफू पण नीट होत नाही. नवरदेवाला विधीला सुती किंवा रेशमीच कपडे असू द्या, डिपॉझिटपेक्षा अंगाला चटका बसू नये म्हणून.

डाग पडलाच तर चोळू नका, ओल्या वाइपने तर अजिबात नाही, तो डाग पसरवतो. तेलकट असेल तर टाल्कम पावडर टाकून पाच-दहा मिनिटं सोडा आणि झटका. बाकी कुठलाही असेल तर कोरड्या रुमालाने टिपा आणि परत करताना दुकानदाराला दाखवा की इथे हे सांडलंय. ताजा डाग सांगितला तर बऱ्याचदा निघतो. लपवून घरी साबणाने धुतलेला कोट आला की फ्युजिंगच गेलेलं असतं, मग डिपॉझिट कापलं म्हणून भांडण.

आता तारीख. फेब्रुवारी तुम्ही जरा वाईट पकडलाय. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात हे सगळ्यांना माहीतच आहे, आणि एका चांगल्या मुहूर्ताला अर्ध्या जिल्ह्याची लग्नं असतात, त्यामुळे महिनाभर दुकान अर्धं रिकामं आणि त्या दोन दिवसांत एक हँगर शिल्लक नाही असं असतं. आमच्या वसई भागात त्यात भर म्हणजे राखेच्या बुधवारपासून (अॅश वेन्सडे) ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चर्चमध्ये सहसा लग्नं होत नाहीत. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्चच्या मध्ये कधीही येतो, म्हणून नाताळनंतर त्याच्या आधीच्या रविवारपर्यंत सगळ्यांची घाई, आणि नेमकी तेव्हाच हिंदू लग्नांची पण गर्दी. काळा आणि नेव्ही, ३८ आणि ४०, हे चार शब्द त्या दिवसांत दुकानात उच्चारले तरी हसतात. तुम्ही ठाण्याहून वसईला या असं मी म्हणत नाहीये, ठाण्यात, कल्याणला, दादरला भरपूर दुकानं आहेत, पण नोव्हेंबरातच बुक करा. नऊ जणांचं बुकिंग आहे म्हटल्यावर भाव पण खाली येतो, फक्त तो जागेवर मागायला लागतो.

बुक करताना मापं घेतली म्हणजे झालं असं नाही. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी पुन्हा ट्रायल घ्यायची, आणि नवरदेवाची तर नक्कीच. कारण मध्ये केळवणं असतात. आत्याकडे श्रीखंड-पुरी, मामाकडे मटण, ऑफिसच्या लोकांचं वेगळं, मावशीकडे पुन्हा पुरणपोळी, आणि नोव्हेंबरात सैल असलेली पँट फेब्रुवारीत हुकाला येत नाही. भाच्याचं उलट आहे, दहावीतला मुलगा तीन महिन्यांत इंचभर उंच होतो आणि बाही आखूड पडते. खरं सांगायचं तर भाच्याला भाड्याचा सूट घेऊच नका, त्या मापाचे कोट बऱ्याच दुकानांत धड नसतात, बारक्या पोरांचे असतात नाहीतर मोठ्यांचे. त्याला कुर्ता आणि जॅकेट विकत घ्या, दिवाळीला परत घालेल.

अमेरिकेवाल्याचं. त्याला अंगाचं माप पाठवायला सांगू नका, लोक टेप कुठून धरतात ते देवाला माहीत. त्याच्याकडे अंगाला नीट बसणारा एक तरी कोट असेल. तो बटण लावून पलंगावर सपाट पसरायचा आणि चार मापं घ्यायची. एक, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत सरळ. दोन, पाठीकडून खांद्याच्या शिलाईपासून शिलाईपर्यंत. तीन, खांद्याच्या शिलाईपासून बाहीच्या टोकापर्यंत. चार, मागच्या कॉलरच्या खालून कोटाच्या तळापर्यंत. पँटची कंबर, आतली उंची आणि खालची मोरी (पायाशी पँटची रुंदी) पण तशीच. टेप दिसेल असे फोटो काढून पाठवू दे. आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा की हे कोटाचं माप आहे, अंगाचं नाही, कारण काखेत २१ इंच आलं म्हणजे घेर ४२ झाला, पण कोटात साधारण चार इंच मोकळीक असते, म्हणजे तो ३८ चा माणूस. हे सांगितलं नाही तर त्याच्यासाठी ४२ चा बाजूला काढून ठेवतील आणि तो उतरल्यावर त्यात दोन माणसं मावतील. शक्य असेल तर त्याच्या नावावर ३८ आणि ४० असे दोन कोट धरून ठेवायला सांगा, थोडे जास्तीचे पैसे पडले तरी चालतील, पण लिहून घ्या. पँटची उंची तो आल्यावर करायची, तुरपाईला अर्धा तास लागतो.

पैशांचं गणित मी तुमच्या जागी असतो तर असं मांडलं असतं. सहा जणांना, म्हणजे चार भाऊ आणि दोन मित्र, साधा टू-पीस, चांगल्या स्थितीतला, आमच्या भागात साधारण २२०० रुपयांच्या आसपास मिळतो, ते झाले १३,२०० (ठाणे-दादरला थोडं इकडेतिकडे). नवरदेवाचा थ्री-पीस किंवा इंडोवेस्टर्न ६,००० धरा, शेरवानीत शिरलात तर आकडा कुठेही जाईल. भाऊजींकडे स्वतःच्या लग्नाचा नाहीतर ऑफिसचा सूट असणारच, तो ड्रायक्लीन करून त्यांना फक्त सगळ्यांसारखा टाय द्या, ते सुखात राहतील. भाच्याचं कुर्ता-जॅकेट १,८००. आठ टाय ३५० च्या हिशोबाने २,८००. नऊ फेटे २०० प्रमाणे १,८००. झाले २५,६००. उरलेल्यात अल्टरेशन, रिक्षा, आणि नवरदेवाला नवीन शर्ट. शर्ट प्रत्येकाचा स्वतःचा हवा, पांढरा, साधा, आणि बाही कोटाच्या बाहीखाली अर्धा इंच दिसेल एवढी. बूट कोणाकडूनही भाड्याने घेऊ नका, आणि मोजेही सगळ्यांनी गडद घाला, सूट आणि खाली पांढरे स्पोर्ट्सचे मोजे हा सीन दर सीझनला असतोच.

डिपॉझिट ह्याच्यात धरलेलं नाही. सात सुटांचं मिळून पंधरा-वीस हजार सहज अडकतात, ते परत येतात पण लग्नाच्या आठवड्यात ते हातात नसतात, त्यामुळे घरी आधी सांगून ठेवा.

आणि नवरदेवाने तरी विकत घ्यावा का, ह्यावर माझा साधा ठोकताळा आहे. भाडं जर नव्याच्या किमतीच्या अर्ध्याच्या वर जात असेल तर विकत घ्या किंवा शिवा. दादा नोकरीत सूट घालणारा असेल तर शिवूनच घ्या, टेरीवूलचा, काळा सोडून कुठलाही, आणि काम हातात घेणारा टेलर दोन ट्रायल देणार असेल तरच. शेरवानी मात्र भाड्यानेच बरी, ती दुसऱ्यांदा कोणी घालत नाही.

पावतीवर काय काय पाहिजे. प्रत्येक नग वेगळा लिहिलेला, कोट, पँट, वेस्टकोट, बटणं किती. आधीचे डाग-भोकं असतील तर त्याचे फोटो तिथेच काढून दुकानदाराच्या नंबरवर पाठवून द्या, म्हणजे दोघांकडे राहतात. कधी न्यायचं, कधी परत, उशीर झाला तर रोजचे किती. आणि एक प्रश्न जो विचारायला सगळ्यांना जड जातं पण विचारा, घरात सुतक आलं आणि लग्न पुढे गेलं तर काय. काही दुकानदार पुढच्या तारखेला तेच पैसे वळते करतात, काही काहीच देत नाहीत. त्या वेळी भांडायची कोणाची मनःस्थिती नसते म्हणून आधीच पावतीवर लिहून घ्या.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या एका खोलीत सात सारख्या काळ्या बॅगा लटकणार आणि तिथे जी गंमत होते ती विचारू नका. बॅगेवर नाव लिहून भागत नाही कारण बॅगा उघडल्या की कोट इकडे आणि पँट तिकडे. कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून एक कोटाच्या आतल्या खिशात आणि एक पँटच्या खिशात सेफ्टी पिनने लावा, दुकानातून निघतानाच. खोलीत एका मोठ्या डब्यात सुई, काळा-निळा दोरा, सेफ्टी पिना, दोन-तीन जास्तीची बटणं, पावडर आणि एक कपड्यांचा ब्रश ठेवा. ज्याच्याकडे हा डबा असेल त्याने नाचायला जायचं नाही.. बरं, जावं, पण डबा दुसऱ्याकडे देऊन.

परत करायचं काम एकाच माणसावर टाका आणि तो नवरदेवाच्या घरचा नसावा, कारण घरचे दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, मग कुलदैवत, मग पाहुणे पोचवणं यात असतात. मित्रांपैकी एकाला धरा. रात्री हॉल सोडतानाच सगळ्यांकडून कोट-पँट काढून घ्या, घरी नेऊ देऊ नका, नाहीतर एक डोंबिवलीला जातो आणि एक पनवेलला, आणि इकडे तिसऱ्या दिवशी तोच ४० चा कोट घालून दुसऱ्या कोणालातरी बोहल्यावर चढायचं असतं. खिसे रिकामे करून द्या, आम्हाला आहेराची पाकिटं दर सीझनला सापडतात आणि कोणाची ते शोधत बसावं लागतं. मोजणी दुकानात समोर उभं राहून करून घ्या, आणि डिपॉझिट तिथल्या तिथे परत मागा. ड्रायक्लीन करून बघू मग देऊ असं म्हणाले तर किती दिवसांत ते पावतीच्या मागे लिहून सही घ्या.